तित्तिराची पारध : कोल्हापूर परिसर

बोलक्या पाळीव तित्तिराच्या किंवा माणसाने तोंडाने काढलेल्या सादेने रानातील तित्तिरास जवळ बोलावून फाशात अथवा जाळ्यात धरण्याची जुनी पद्धती. बंदुकीच्या शिकारीत शिकारी सावजाकडे जातो. ह्या पारधीत सावज आपण होऊन पारध्याकडे येते आणि तेही बहुधा अन्नाच्या आशेने नव्हे. दख्खनच्या कोरड्या माळरानांवर ही विद्या मुख्यतः फासेपारधी जमातीकडे होती. कोल्हापूर जिल्ह्याचा पूर्व भाग ह्याच माळरानांच्या पट्ट्यात मोडतो. संस्थानी काळात कोल्हापूर हे राजेशाही शिकारीचे नामांकित केंद्र असल्यामुळे एकाच भूमीवर पारधीच्या दोन परंपरा शेजारी शेजारी नांदल्या. त्यांपैकी राजवाड्याच्या परंपरेची छायाचित्रे व नोंदी आहेत. दुसरीचा इतिहास मात्र विखुरलेल्या उल्लेखांतून जुळवावा लागतो.

तित्तिर (ग्रामीण बोलीत तितर किंवा तितूर) हा कोंबडीच्या कुळातील पक्षी सु. ३० सेंमी. लांबीचा व २५० ते ३५० ग्रॅ. वजनाचा असतो. अंगावर राखी-तपकिरी रंगाच्या बारीक आडव्या रेघा असल्याने वाळल्या गवतात तो दिसत नाही. नराच्या पायाच्या मागील बाजूस टोकदार काटा असतो आणि झुंजीत त्याचा उपयोग होतो. हा पक्षी नाइलाज झाल्याशिवाय उडत नाही, पळून झुडपात शिरतो. फाशाची युक्ती त्याच्या बाबतीत यशस्वी होते, ह्याचे एक कारण हेच. रात्री तो बाभळीसारख्या काटेरी झाडांवर बसतो आणि पहाटे तेथूनच ओरडू लागतो. ‘का-ती-तर, का-ती-तर’ असा ऐकू येणारा हा चढत जाणारा आवाज दूरवर पोहोचतो. एका नराने आवाज दिला की शेजारच्या हद्दीतील दुसरा उत्तर देतो, मग तिसरा, आणि थोड्याच वेळात सबंध माळ बोलू लागतो. संस्कृत ‘तित्तिरि’ हे नावही ह्या आवाजावरूनच पडले असावे. कृष्णयजुर्वेदाच्या तैत्तिरीय शाखेचे नाव पुराणकथेने ह्याच पक्ष्याशी जोडले आहे : याज्ञवल्क्याने ओकून टाकलेले वेद इतर शिष्यांनी तित्तिर होऊन टिपले, अशी ती कथा.

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेस, गगनबावड्याकडे, वर्षाला पाच हजार मिमी.हून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेस शिरोळकडे तो पाचशेच्या आसपास असतो. एवढ्याशा अंतरात पडणाऱ्या ह्या फरकामुळे पक्ष्यांचीही विभागणी झाली आहे. दाजीपूर, राधानगरी, आजरे, चंदगड येथील दाट रानांत राखी रानकोंबडा व साकोत्री आढळतात. हातकणंगले, शिरोळ, कागल व गडहिंग्लज ह्या तालुक्यांतील उघडे माळ, बांध व काटेरी झुडपे ही तित्तिर व लावा ह्यांची जागा. १९४९ पूर्वी कोल्हापूर संस्थानात असलेले रायबाग व कटकोळ हे आज कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यात असणारे भागही ह्याच कोरड्या पट्ट्यातले.

सादेने पक्षी फसतो ही गोष्ट भारतात किती जुनी आहे, ह्याचा उत्तम पुरावा पाली जातककथांत मिळतो. सम्मोदमान जातकातील (क्र. ३३) पारधी लाव्यांचा आवाज तोंडाने काढतो आणि ते एकत्र जमले की वर जाळे टाकतो. पुढे लाव्यांनी एकजुटीने जाळे उचलून नेल्याची ही प्रसिद्ध गोष्ट. परंतु पारधीच्या इतिहासाच्या दृष्टीने तिचा आरंभच अधिक मोलाचा आहे. तित्तिर जातकात (क्र. ३१९) दुसरी पद्धत येते. तेथे पारधी एका तित्तिरास पकडून शिकवतो व त्याच्या आवाजाने इतरांना ओढतो. आपल्यामुळे आपले जातभाई मरतात हे ध्यानात येताच तो तित्तिर मुका राहतो. तेव्हा पारधी त्याच्या डोक्यावर बांबूने मारतो, वेदनेने तो ओरडतो आणि त्या ओरडण्यालाही इतर तित्तिर फसतात. शेवटी तो बोधिसत्त्वाला विचारतो की, हे पाप माझे की नाही? मनात दुष्ट हेतू नसेल तर पाप चिकटत नाही, असे त्याला उत्तर मिळते. कथेचा रोख नीतीवर आहे हे खरे. तथापि पिंजऱ्यातील बोलका पक्षी कधीकधी बोलण्याचे नाकारतो, हा तपशील ज्याने ही पारध जवळून पाहिली त्यालाच सुचला असणार.

अमरकोशात पक्षी धरणारा तो ‘शाकुनिक’ आणि जाळी लावणारा तो ‘वागुरिक’ किंवा ‘जालिक’ असे निरनिराळे शब्द दिले आहेत. मराठीतील ‘वागूर’ किंवा ‘वाघूर’ हा शिकारीच्या जाळ्याचा शब्द त्याच घराण्यातला. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा ह्याने बाराव्या शतकात रचलेल्या मानसोल्लास ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये मृगया, ससाण्याकरवी पक्ष्यांची शिकार, मासेमारी व लाव्यांच्या झुंजी ह्यांचे वर्णन आहे. करवीरचे शिलाहार त्या काळी ह्याच चालुक्यांचे मांडलिक होते. म्हणजे आजच्या कोल्हापूर परिसराला हा ग्रंथ परका नाही. मात्र मानसोल्लासातील पारधी हा राजाच्या करमणुकीचा सेवक आहे. पोटासाठी रानोमाळ हिंडणाऱ्या पारध्याचे जीवन ग्रंथकाराच्या विषयाबाहेर राहिले.

फासेपारधी हे नाव फाशावरून पडले. ह्या जमातीची बोली गुजरातीला जवळची असून वस्ती महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत व लगतच्या कर्नाटकात विखुरलेली आहे. बंदूक हे त्यांचे हत्यार नव्हे. त्यांची साधने दोरी, तात, केस व बांबू ह्यांची आणि बहुतेक घरीच केलेली. हरणांसाठी जनावरांच्या स्नायूंच्या तातीचे मजबूत फासे, तर तित्तिर व लावा ह्यांच्यासाठी घोड्याच्या शेपटीच्या केसांचे बारीक फासे वापरीत. केसाचा फासा हलका असून उघडा राहतो, गवतात दिसत नाही आणि ओढला की आवळतो. असे फासे बांबूच्या पातळ काड्यांना बांधीत व त्या काड्या एका दोरीत ओवून सबंध ओळ गुंडाळून खांद्यावर नेत. जमिनीत काड्या रोवल्या म्हणजे बुटके, जवळजवळ अदृश्य कुंपण तयार होई. दुसऱ्या पद्धतीत पारधी शिकवलेल्या बैलाच्या आडोशाने पुढे सरके. बैल चरल्यासारखा संथ चाले, त्याच्या पलीकडचा माणूस पक्ष्यांना दिसत नसे आणि ते न उडता हळूहळू पळत जाऊन आधीच लावलेल्या वागुरीत शिरत.

सादेच्या पारधीत खरे भांडवल म्हणजे पिंजऱ्यातील तित्तिर. त्याची निवड विचारपूर्वक होई. रानातून धरलेला मोठा पक्षी सहसा चालत नसे, कारण माणसाच्या भीतीने तो गप्प राहतो. म्हणून अंड्यातून नुकतीच निघालेली किंवा फार लहान पिले आणून वाढवीत. त्यांतले नर ओळखू येऊ लागले की आवाजाची पारख सुरू होई. नुसता मोठा आवाज पुरेसा नसे. आवाज दमदार हवा, एकामागून एक बोल न तुटता निघायला हवेत, आणि मुख्य म्हणजे अनोळखी जागी पिंजरा ठेवला तरी पक्ष्याने बोलले पाहिजे. घरात उत्तम बोलणारा व माळावर मुका होणारा तित्तिर निरुपयोगी. खाद्य म्हणून ज्वारी-बाजरीच्या दाण्यांबरोबर वाळवी दिली जाई. वाळवी हे तित्तिराचे आवडते खाणे असून तिच्या लोभाने पिलू माणसाला लवकर सोकावते. पिंजरा बांबूच्या कामट्यांचा व त्यावर कापडाची खोळ असे. खोळ असेतो पक्षी शांत, खोळ काढली की उजेड पाहून बोलका, अशी सवय लावलेली असे.

पारधीची वेळ पहाटेची, क्वचित संध्याकाळची; आणि हंगाम विशेषतः विणीचा, जेव्हा प्रत्येक नर आपल्या हद्दीविषयी दक्ष असतो. पारधी आधी रानातील पक्ष्याचा आवाज ऐकून त्याची जागा हेरी. मग त्या हद्दीच्या आत, पण पक्ष्याच्या नजरेआड, पिंजरा जमिनीवर ठेवून भोवती फाशांची ओळ रोवी आणि स्वतः झुडपामागे दडे. पिंजऱ्यातील नराने आवाज दिला की हद्दीचा धनी प्रथम लांबून उत्तर देई. काही वेळ दोघांची बोलाचाली चाले. नंतर धनी गप्प होई. नवख्याला वाटे पक्षी गेला. जाणत्याला ठाऊक असे की तो आता पळत येत आहे. मान खाली घालून, पंख किंचित पाडून तो पिंजऱ्यावर धावून जाई आणि त्याचा पाय किंवा मान फाशात अडके. त्यामागोमाग मादीही येऊन सापडे. फासे फार जवळ लावले तर झटापटीत पिंजराच उलटतो, फार दूर लावले तर पक्षी मधल्या फटीतून निसटतो; हे अंतर हाताच्या अंदाजाने साधावे लागे.

पिंजऱ्यातला पक्षी अडून बसला तर पारधी स्वतः आवाज काढी. त्यासाठी ओठ, जीभ, टाळू व तोंडापुढे धरलेली ओंजळ एवढेच साहित्य. ह्या कामी आवाज हुबेहूब असण्यापेक्षा केव्हा थांबावे हे कळणे अधिक महत्त्वाचे असते. रानातील पक्षी बोलून थांबला की त्या खंडातच उत्तर गेले पाहिजे. सतत ओरडणाऱ्याकडे धनी दुर्लक्ष करतो किंवा सावध होतो.

जगात इतरत्र ह्याच कामासाठी नाना प्रकारची साधने निघाली. युरोपात लाव्यांसाठी कातडी पिशवीला हाडाची नळी जोडलेली शिट्टी वापरीत. उत्तर अमेरिकेत रानटी टर्कीच्या शिकारीत तर ह्या साधनांचे एक स्वतंत्र शास्त्रच बनले आहे. तेथील मूळ रहिवासी टर्कीच्याच पंखांची पोकळ हाडे एकमेकांत बसवून व त्यांतून हवा ओढून मादीचा आवाज काढीत. १८९७ मध्ये आर्कान्सॉ राज्यातील हेन्री गिब्सन ह्यांनी लाकडी झाकण घासून आवाज काढणाऱ्या पेटीचे एकस्व मिळविले. नळीचे साधन त्याहून साधे : एखाद्या लहान डबीचा तळ कापून टाकावयाचा, झाकणाला अर्धचंद्राकृती भोक पाडावयाचे आणि त्याचा काही भाग झाकला जाईल असा पातळ रबराचा पडदा ताणून बसवावयाचा. पडद्याच्या कडेशी खालचा ओठ टेकून फुंकर मारली की पडदा थरथरतो; डबीच्या दुसऱ्या तोंडाशी हात धरून आवाज उघडा किंवा दबका करता येतो. पडदा पातळ असल्यास आवाज उंच व गोड, जाड असल्यास घोगरा निघतो. रबर वाळले किंवा सैल पडले की सूर बिघडतो, म्हणून निवड करताना पडदा सहज बदलता येतो की नाही हे पाहणे इष्ट. वाऱ्याच्या दिवशीही हा आवाज दूर जातो, हा त्याचा मोठा गुण. हाताची हालचाल करावी लागते, हा दोष. टर्कीची नजर तीक्ष्ण असल्याने तो दोष लहान नाही.

टर्कीची व तित्तिराची साद वरवर सारखी वाटली, तरी आतून वेगळी आहे. टर्कीच्या वसंतातील शिकारीत शिकारी मादी बनतो व नराला भुलवितो. निसर्गात पुष्कळदा मादी नराकडे जाते. शिकारी हा क्रम उलटवू पाहतो, म्हणून त्याला फार धीर धरावा लागतो. तित्तिराच्या पारधीत पारधी परका नर बनतो आणि धन्याला भांडणासाठी बोलावतो. एका ठिकाणी ओढ प्रेमाची, दुसऱ्या ठिकाणी हद्दीच्या अभिमानाची. (टर्की आपल्याकडे रानात कधीच नव्हता. १६१२ मध्ये मुकर्रबखानाने गोव्याहून आणलेला टर्की पाहून जहांगीर बादशाह इतका चकित झाला की, त्याने आत्मचरित्रात त्याचे वर्णन लिहिले. मन्सूर ह्या चित्रकाराने काढलेले त्याचे चित्र प्रसिद्ध आहे.)

कोल्हापूरच्या दरबारी शिकारीत सादेला फारसे स्थान नव्हते. राजर्षी शाहू महाराज (कार. १८९४–१९२२) स्वतः निष्णात शिकारी होते. दाजीपूरचे रान संस्थानचे राखीव शिकारक्षेत्र होते. माळावरील काळविटांची शिकार चित्त्यांकडून करविण्याचा षोक कोल्हापुरात विसाव्या शतकातही टिकला. भारतीय चित्ते दुर्मिळ झाल्यावर कोल्हापूर, भावनगर इ. संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते आणविले. शाहू महाराज आणि भावनगरचे भावसिंहजी हे सहाध्यायी व स्नेही होते; ह्या दोन संस्थानांत हा षोक अखेरपर्यंत राहण्यात त्या स्नेहाचाही वाटा असावा. चित्त्याच्या डोळ्यांवर कातडी टोपी घालून त्याला बैलगाडीतून माळावर नेत. काळविटे बैलगाडीला बुजत नाहीत. ती पुरेशी जवळ आली की टोपी काढून चित्ता सोडीत. येथे एक साम्य नजरेत भरते. पारध्याचा बैल व दरबारची बैलगाडी, तित्तिराच्या पिंजऱ्यावरील खोळ व चित्त्याच्या डोळ्यांवरील टोपी ह्यांमागील युक्ती एकच आहे. पारधी जमातीच्या पोटशाखांत ‘चिता पारधी’ हे नाव आजही शासकीय अनुसूचीत आहे, त्यावरून दोन्ही विद्यांचा जुना संबंध उघड होतो. परंतु चित्ता सांभाळणारा दरबारचा नोकर ठरला आणि फासे लावणारा गुन्हेगार.

ब्रिटिश सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. प्रथम तो उत्तर भारतापुरता होता. १९११ च्या कायद्याने त्याची कक्षा वाढून दक्षिणेकडील इलाखेही त्यात आले. जमातीत जन्म झाला एवढ्यावरून माणसाची नोंद होई, हजेरी द्यावी लागे व परवान्याशिवाय हिंडण्यास बंदी असे. ज्या जमातीची उपजीविका पहाटे अंधारात माळावर जाऊन झुडपामागे दडून बसण्याची, तिला अशा कायद्याने गाठावे हे अपरिहार्यच होते. दडणे हेच जिच्या व्यवसायाचे कौशल्य, तिचे दडणे पोलिसांच्या दृष्टीने संशयाचा पुरावा ठरले. वनकायद्यांनी रान राखीव झाले, पडीक जमिनी लागवडीखाली आल्या, ही त्यात भर. संस्थानी मुलखातही ह्या जमातींना हजेरी चुकली नव्हती. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कोल्हापूर संस्थानात हजेरीची पद्धत बंद केली आणि फासेपारध्यांना संस्थानच्या कामांवर रोजगार व पहाऱ्याच्या नोकऱ्या दिल्या. ज्यांच्यापासून रक्षण करावयाचे असे सरकार म्हणत होते, त्यांनाच रक्षणास ठेवण्याचा हा निर्णय त्या काळी धाडसाचा होता. ब्रिटिश मुलखातील कायदा मात्र १९५२ पर्यंत चालू राहिला आणि तो रद्द झाल्यावरही सराईत गुन्हेगारांविषयीच्या १९५९ च्या मुंबई कायद्याखाली जुना संशय बराचसा तसाच उरला. योगायोग असा की, भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले तेही १९५२ मध्येच.

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. त्यानंतर वन्य पशुपक्ष्यांच्या रक्षणाचा १९५१ चा मुंबई कायदा येथे लागू झाला. दाजीपूरचे शिकारीचे रान १९५८ मध्ये गव्यांसाठी अभयारण्य म्हणून घोषित झाले व १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन राधानगरी अभयारण्याचे क्षेत्र सु. ३५१ चौ. किमी. झाले. राजाची राखीव जागा अशा रीतीने पशूंची राखीव जागा बनली. माळरानाला तसे संरक्षण लाभले नाही. पूर्वेकडील तालुक्यांत पाणी आले, ऊस आला, बांधांवरील बाभळी व निवडुंग गेले. १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्यात प्रारंभी लहान सावजांच्या शिकारीसाठी व पक्षी धरण्यासाठी परवाने देण्याची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने हे परवानेही गेले. आज तित्तिर पकडणे, पाळणे वा विकणे हा गुन्हा आहे. पक्ष्यांच्या दृष्टीने हे आवश्यकच होते. परंतु बंदीबरोबर पर्यायी उपजीविका द्यावयास हवी होती, ती फार थोड्यांच्या वाट्याला आली. पूर्वी जो पोलिसांच्या नोंदीत होता, तोच पारधी पुढे वनखात्याच्याही नोंदीत गेला.

सादेची विद्या मात्र दुसऱ्या वाटेने उपयोगी पडू लागली आहे. तित्तिर दिसण्यापेक्षा ऐकू अधिक येतो, म्हणून पक्षिशास्त्रज्ञ त्याची गणना पहाटेच्या आवाजांवरून करतात : ठरावीक जागी उभे राहून ठरावीक वेळात किती नरांनी साद दिली ते मोजतात. पारधी हद्दींचा अंदाज बांधीत असे तो ह्याच रीतीने. विदर्भात अकोला व वाशिम जिल्ह्यांच्या परिसरात फासेपारध्यांच्या वस्त्यांनी स्वयंसेवी संस्थेच्या साहाय्याने गवताळ राने राखण्याचे काम हाती घेतले असून तणमोरासारख्या दुर्मिळ पक्ष्याचा माग काढण्यात त्यांच्या ज्ञानाचा उपयोग झाला आहे. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला बोलावण्याची सोय आता कोणाच्याही खिशात असते. विणीच्या काळात असा आवाज वारंवार वाजविल्यास नर घरटे सोडून उगाच धावत राहतो, म्हणून जाणते पक्षिनिरीक्षक त्याचा वापर टाळतात.